आभासी क्षेत्रभेट आणि दारातला डोंगर

(वर्तकनगर, ठाणे येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. या दिवसांत भल्या पहाटे वर्तकनगरच्या रस्त्यावर एस.टी.ची गाडी उभी असते, मुलांच्या पाठीवर डबे आणि पाण्याच्या बाटल्या असतात, आया खिडकीखाली उभ्या राहून शेवटच्या सूचना देत असतात. गाडी हलते, आरोळी उठते आणि रस्ता पुन्हा शांत होतो. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच पहाटे वर्गातील काही मुले घरी झोपलेली असतात, किंवा झोपेचे सोंग घेऊन पडलेली असतात. कोणाच्या वडिलांजवळ त्या महिन्यात पैसे नसतात, कोणाची प्रकृती नाजूक असते, कोणा मुलीला घरून परवानगी मिळत नाही. राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. तरीही मुक्काम, भोजन, प्रवेशशुल्क मिळून होणारी रक्कम अनेक घरांना जड जाते. सहल परत आली की निबंधाचा विषय ठरलेला असतो : ‘आमची सहल’. जे गेलेच नाहीत त्यांनीही तो लिहायचा असतो.

पडद्यावरून घडविल्या जाणाऱ्या सहलीचा, म्हणजे ‘आभासी क्षेत्रभेटी’चा विचार करताना ही घरी राहिलेली मुले प्रथम डोळ्यांसमोर आणली पाहिजेत. यंत्र किती नवे, चष्मा किती भारी, हा विचार त्यानंतरचा.

क्षेत्रभेट हा शब्द नीट समजून घ्यावयास हवा. सहल आणि क्षेत्रभेट यांत भेद आहे. सहलीला माणूस मन रमविण्यासाठी जातो, क्षेत्रभेटीला काही विचारण्यासाठी जातो. इयत्ता दहावीच्या २०१८ साली आलेल्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा होता. नळदुर्गहून निघालेली मुले अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात, वाटेत जमीन, पिके, घाट, हवामान कसे बदलत जाते ते पाहतात आणि शिक्षकांना प्रश्न विचारतात. पाठ उत्तम होता. किंबहुना तो स्वतःच कागदावरची आभासी क्षेत्रभेट होता. परंतु किती शाळांतील मुले तो पाठ वाचून खरोखर वही-पेन्सिल घेऊन बाहेर पडली? क्षेत्रभेटीची प्रश्नावली मार्गदर्शकातून पाठ केली जाते आणि अहवालही पाठ करून लिहिला जातो. उंबरठा न ओलांडता क्षेत्रभेटीचे गुण मिळविण्याची विद्या पडदा येण्यापूर्वीच आपल्या शाळांना अवगत झाली होती. तेव्हा सारा दोष पडद्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

कुरणशाळा ते उपग्रह

मूल जगापर्यंत जाऊ शकत नसेल तर जगाने मुलापर्यंत जावे, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना केली. पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वनवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी घेतला, तेव्हा उत्तर सोपे निघाले. मुले गुरे घेऊन रानात जात होती. मग शाळाच रानात गेली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नाव. गुरे चरत असताना मुलांना दगड, पाने, बिया यांच्या साहाय्याने शिकविले जाई. साधन काय आहे यापेक्षा मूल कोठे आहे हे त्या दोघींनी आधी पाहिले.

त्यानंतर तंत्र पुढे गेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविण्यात आले होते. त्यांत कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा, रायचूर या भागांतीलही खेडी होती. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. आज पालक असलेल्या अनेकांना दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवत असतील. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. तिकडे टायटॅनिकचे अवशेष १९८५ मध्ये शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांना शाळकरी मुलांची हजारो पत्रे आली, आणि त्यातून १९८९ मध्ये ‘जेसन’ हा उपक्रम उभा राहिला. समुद्रतळाशी फिरणाऱ्या यंत्रमानवाची दृश्ये मुले दूर अमेरिकेत बसून त्याच क्षणी पाहू लागली.

आणि २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तर कोणीच विसरलेले नाही. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. अनेक शाळांनी मुलांना एकत्र बसवून ते दाखविले. त्या संध्याकाळी पडद्यासमोर बसलेल्या मुलाला ‘हे आभासी आहे’ असे कोणी म्हटले असते तर त्याने ऐकून घेतले नसते. त्याच्या दृष्टीने तो तेथे होता.

परितेवाडीचे उदाहरण

आभासी क्षेत्रभेटीचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावी २००९ मध्ये रणजितसिंह डिसले हे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा. मुलींची पटावरील उपस्थिती तुटपुंजी आणि अनेकींच्या घरची भाषा कन्नड. डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. पाठ्यपुस्तकावर चौकोनी संकेतचिन्ह छापून, ते भ्रमणध्वनीने टिपले की कविता ऐकू यावी, पाठ पाहता यावा, अशी सोय त्यांनी केली. पुढे महाराष्ट्र शासनाने ही पद्धत राज्याच्या पुस्तकांत आणली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार घोषित झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही गोष्ट वर्तमानपत्रांत खूप गाजली. परंतु त्यांच्या कार्याचा आणखी एक भाग फारसा चर्चेत आला नाही. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार ते सुटीच्या दिवशी स्वतःच्या घरातील छोट्या प्रयोगशाळेतून दूरदेशींच्या वर्गांना आभासी क्षेत्रभेट घडवीत असत, आणि ८३ देशांतील १,४०० हून अधिक वर्गांपर्यंत ते असे पोहोचले होते.

येथे थांबून एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. आभासी सहल म्हटले की आपल्या मनात एकच दिशा येते : मूल आपले, आणि पाहावयाचे ते लंडनचे संग्रहालय, पॅरिसचा मनोरा, आफ्रिकेतील सिंह. परितेवाडीने दिशा उलटी केली. परदेशातील वर्ग पाहणारा झाला आणि माढा तालुक्यातील शिक्षक दाखविणारा. दाखविणाऱ्याला आधी स्वतः नीट पाहावे लागते. कोणता प्रयोग करावयाचा, तो दुसऱ्या भाषेच्या मुलाला कसा समजेल, त्याने प्रश्न विचारला तर काय सांगावयाचे, हे सारे ठरवावे लागते. पाहणाऱ्याचे काम त्या मानाने फार सोपे असते.

प्रतिकृती आणि मूळ

अजिंठ्याच्या लेण्यांचा इतिहास येथे उपयोगी पडेल. १८१९ मध्ये ही लेणी पुन्हा उजेडात आली. आतील चित्रे जगाला दाखविता यावीत म्हणून रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे तेथे राहून त्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या अखेरीस तेथे आग लागली आणि त्यातील बहुतेक जळून गेल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा प्रतिकृतींचे काम हाती घेतले. त्याही इंग्लंडला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांचा मोठा भाग नष्ट झाला. आमच्या शाळकरी विद्यार्थ्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्या काळच्या ‘आभासी सहली’ दोनदा भस्मसात झाल्या. वाघूर नदीच्या वळणावरील मूळ चित्रे, झिजली तरी, आजही भिंतीवर आहेत.

आजच्या प्रतिकृतींना आग लागत नाही, त्या नुसत्या बंद केल्या जातात. गूगलने २०१५ मध्ये ‘एक्स्पेडिशन्स’ नावाचा उपक्रम शाळांसाठी आणला. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन भिंगे, त्यामागे भ्रमणध्वनी. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते आणि मेंदू त्यातून खोली निर्माण करतो. मान वळवावी तिकडचे दृश्य समोर येते. जगभरातील शिक्षकांनी त्यावर पाठ रचले. ३० जून २०२१ रोजी तो बंद झाला. ज्या स्काइपवरून असंख्य शिक्षकांनी वर्ग जोडले, तोही ५ मे २०२५ रोजी मिटला. परदेशातील एखाद्या कंपनीच्या कार्यालयात निर्णय होतो आणि येथील शिक्षकाची पाच वर्षांची तयारी वाया जाते. म्हणून शाळेने पाठ, प्रश्न, टिपणे, छायाचित्रे स्वतःजवळ ठेवावीत. यंत्र बदलले तरी ती राहतात.

याचा अर्थ अजिंठा पडद्यावर दाखवूच नये असा मुळीच नाही. प्रत्यक्ष लेण्यात उजेड मंद असतो, गर्दी असते, मार्गदर्शक घाईत असतो, प्रकाशझोत टाकून छायाचित्र घेण्यास मनाई असते. ती मनाई योग्यच आहे. मागे उभ्या असलेल्या पाचवीच्या मुलाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. पडद्यावर तेच चित्र मोठे करून एका हाताची बोटे, एका अलंकाराची घडण दाखविता येते. अंबरनाथच्या शिवमंदिराचेही तसेच. इ. स. १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर लोकलने येथून तासाभराच्या आत आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील वरच्या रांगांतील शिल्पे लहान मुलाच्या नजरेत येत नाहीत. छायाचित्रात ती स्पष्ट होतात. मात्र सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात जाताना अंगाला जो गारवा लागतो, तो कोणत्याही पडद्याला देता येत नाही. शिक्षकाने दोन्ही जाणावे. आधी पडद्यावर वरची शिल्पे दाखवावीत आणि मग एका रविवारी मुलांना पायऱ्या उतरायला न्यावे.

काही ठिकाणे मात्र पडद्यासाठीच आहेत. अंटार्क्टिकावर भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे आहेत आणि त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तेथे कोणतीही सहल जाणार नाही. ज्वालामुखीचे तोंड, प्रवाळांची बेटे, शस्त्रक्रियेचे दालन, ही यादी वाढविता येईल. तेथे पडदा हाच मार्ग आहे आणि तो नि:संकोच वापरावा.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. सहल ही शाळेला जोखीम वाटू लागली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु परवानग्या, हमीपत्रे, जबाबदारी या साऱ्याला कंटाळून ‘त्यापेक्षा पडद्यावर दाखवू’ असे म्हणणे सोपे झाले आहे. पालकांनाही ते सोयीचे वाटते : मूल सुरक्षित, खर्च नाही, उन्हातान्हात फिरणे नाही. असे झाले तर घरी राहिलेल्या थोड्या मुलांसाठी काढलेला उपाय सगळ्यांनाच घरी बसविण्यास कारण होईल.

येऊर कोणी पाहिला?

वर्तकनगरच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न फार जवळचा आहे. येथून पोखरण रस्त्याने निघाले की चालत अर्ध्या-पाऊण तासात उपवनचा तलाव लागतो. तलावामागे येऊरचा डोंगर उभा आहे. वनखात्याची चौकी ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग सुरू होतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य ठाणे आणि मुंबई यांच्या मधोमध आहे. त्यात बिबटे आहेत, वारली पाडे आहेत, पावसाळ्यात वाहणारे ओढे आहेत. याच अरण्याच्या बोरिवलीकडील अंगाला कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. लेण्यांच्या माथ्यावर खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी खालच्या टाक्यांत कसे उतरविले जाई, हे पाहणे म्हणजे जलव्यवस्थापनाचा प्रत्यक्ष पाठ आहे. दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत तिचा समावेश झाला.

वर्गात सहज विचारून पाहावे. आफ्रिकेतील सिंह पडद्यावर पाहिलेली मुले पुष्कळ निघतील. येऊरच्या पायवाटेने शिक्षकांबरोबर चाललेली किती निघतील? वर्तकनगरातील म्हाडाच्या वसाहतीत वाढलेल्या मागच्या पिढीला डोंगर गच्चीवरून दिसत असे. आता मधे उंच इमारती आल्या आहेत. ज्या मुलाला खिडकीतून डोंगर दिसत नाही, त्याला डोंगर आहे हे सांगण्याचे काम शाळेकडे आले आहे.

तेव्हा क्रम असा असावा. पायी जाता येते तेथे पायी जावे. लोकलने जाता येते तेथे लोकलने जावे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्यापर्यंत धावली, तेथील मुलाला रेल्वेचा प्रवास हाही अभ्यास आहे. जेथे ऋतू, अंतर वा पैसा आड येतो तेथे पडदा. आणि पडद्यावर जाण्यापूर्वी तयारी हवी. शिक्षकाने संपूर्ण दृश्य स्वतः आधी पाहावे. मुलांबरोबर प्रथमच पाहणारा शिक्षक हा शिक्षक न राहता प्रेक्षक होतो. मुलांनी प्रश्न लिहून आणावेत, दहा पुरेत. दृश्य वीस-पंचवीस मिनिटांहून लांबवू नये आणि मधे थांबवून ‘येथे काय दिसते?’ असे विचारावे. साठ मुलांच्या वर्गात एकच चष्मा फिरविण्यापेक्षा भिंतीवरील एक मोठे चित्र सर्वांनी मिळून पाहणे बरे, कारण चर्चा होण्यासाठी सर्वांच्या नजरेसमोर एकच वस्तू लागते. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो की नाही हे आदल्या दिवशी तपासावे. पुष्कळ चांगले उपक्रम एवढ्या एका गोष्टीवाचून फसतात. आणि डब्यातील लाडवाची देवघेव पडद्यावरील सहलीत होत नाही, एवढी उणीव मान्य करून पुढे जावे.

यापुढचे पाऊल परितेवाडीने दाखविलेले आहे. वर्तकनगरच्या मुलांनी स्वतः एक क्षेत्रभेट घडवावी. जून, ऑक्टोबर, जानेवारी, मे अशा चार वेळा येऊरच्या एकाच ठिकाणी, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, शिक्षकांसह जावे. तोच ओढा, तेच झाड, तीच वाट टिपावी. पाड्यावरील वृद्धांकडून झाडांची नावे विचारून लिहून घ्यावीत. त्यासाठी भारी यंत्रे लागत नाहीत. एका पालकाचा भ्रमणध्वनी पुरतो. मग ही भेट मराठवाड्यातील एखाद्या शाळेतील वर्गाला दाखवावी, जेथील मुलांनी असे दाट रान पाहिलेले नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही ती दाखविता येईल. वेळेचे गणित कठीण नाही. येथे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा सिंगापुरात दुपारचे बारा असतात. न्यूयॉर्ककडील मुलांसाठी येथील संध्याकाळचे साडेसात सोयीचे. हिवाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. ही मुले मराठी बोलतात, पण ‘ओढा’, ‘पाडा’, ‘पायवाट’ हे शब्द त्यांच्या कानी क्वचितच पडतात. दाखविणारे मूल बोलत जाईल तसे ते पडतील.

या उपक्रमात गेल्या खेपेस सहलीला न गेलेला मुलगाही दाखविणारा होऊ शकतो. त्याला गाडीभाडे लागत नाही, डोंगर त्याच्या दारात आहे. कदाचित इतरांपेक्षा त्यालाच तो अधिक ठाऊक असेल.

आणि पलीकडून प्रश्न येऊ लागतील. जालन्याची एखादी मुलगी विचारील, पावसाळ्यात एवढा वाहणारा हा ओढा उन्हाळ्यात कोठे जातो? त्याचे उत्तर पुस्तकात शोधून सापडणार नाही. त्यासाठी मे महिन्यात, ऊन चढण्यापूर्वी, येऊरला पुन्हा एकदा जावे लागेल आणि कोरड्या पात्रातील दगड उचलून खालची माती ओली आहे का ते पाहावे लागेल.